दक्षिणेस गंगा

जमिनीच्या मोजणीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला एक खोड जडते. कोणतीही वस्तू दृष्टीस पडली की तिचे रूप, रंग किंवा मोल याआधी ती कोठे संपते, हे तो पाहतो. १९६८ साली मी भूकरमापक म्हणून खात्यात रुजू झालो आणि २००५ साली निवृत्त झालो. या सदतीस वर्षांत नांदेड व लातूर या दोन गावांच्या गल्लीबोळांतून साखळी ओढीत मी जे हिंडलो, त्यातील बहुतेक प्रकरणे आता स्मृतीतून पुसली गेली आहेत. शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या भांडणांचा तपशील सर्वत्र सारखाच असतो, आणि वीतभर भिंतीसाठी माणूस किती हट्ट धरू शकतो, हे एकदा कळले म्हणजे त्यात नवे काही राहत नाही. परंतु नांदेडच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीतले एक घर मात्र विसरता येत नाही, कारण त्या घराच्या चार हद्दींपैकी एक मला कधीच नीट मोजता आली नाही.

ते प्रकरण माझ्या हाती आले तेव्हा मला खात्यात पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. अर्जासोबत जोडलेला दस्त १३४१ फसलीचा, म्हणजे इसवी सन काढण्यासाठी त्यात पाचशे नव्वद मिळवावेत अशा हिशेबाचा, आणि उर्दूत लिहिलेला. निजामी अमदानीत दफ्तराची भाषा उर्दू असल्यामुळे मराठवाड्यात मोजणीचे काम करणाऱ्याला एक तर ती लिपी यावी लागे किंवा ती वाचणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागे. माझा मार्ग दुसरा होता. आमच्या कचेरीत जुन्या अमलातले एक मुन्शीजी होते. मुन्तखब, सेतवार, खासरा, इनामांचे फैसले असे जीर्ण कागद ते चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांजवळ नेऊन वाचीत. त्यांनी तो दस्त उलगडला, ‘हुदूद अरबा’ असे म्हणून चतुःसीमा वाचायला सुरुवात केली आणि मी टाचणवहीत लिहीत गेलो. मशरिकेस एका कासाराचे घर, मगरिबेस गल्ली, शुमालेस सार्वजनिक रस्ता. इतके वाचून ते थांबले, कागद किंचित दूर धरला आणि म्हणाले, “जुनूब, गंग.”

पुढे काहीच नव्हते. किती गज, कोणत्या खुणेपर्यंत, काठापर्यंत की पाण्यापर्यंत, याचा उल्लेख नव्हता. मोजणीपूर्वी प्रत्येक लगतधारकास नोटीस द्यावी लागते, या नियमाची आठवण होऊन मी भाबडेपणाने विचारले की, दक्षिणेकडची नोटीस कोणाच्या नावे काढावी? मुन्शीजींनी चष्मा खाली घेतला आणि गंभीर मुद्रेने उत्तर दिले, “गंगेच्या नावे काढा. बजावणीस शिपाई पोहता येणारा पाठवा.” कचेरीत दोन दिवस हा विनोद पुरला. कायद्याच्या दृष्टीने उत्तर सरळ होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदीचे पात्र शासनाच्या मालकीचे, म्हणून लगतधारक सरकार. परंतु पात्र कोठे सुरू होते, हे कलम सांगत नाही.

आमच्याकडे गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. दोन्ही काठांच्या काळ्या पट्ट्याला गंगथडी म्हणतात, आणि खेड्यातला मनुष्य पर्वणीला नांदेडास निघाला की गंगेवर जातो असेच सांगतो. व्याकरणात ज्यांची ख्याती झाली ते काशीचे शेष घराणे मूळचे गोदाकाठच्या नांदेडचे, असे अभ्यासक सांगतात. त्याच घराण्यातल्या शेष कृष्णांपाशी भट्टोजी दीक्षित शिकले. एका गंगेचा काठ सोडून ते दुसऱ्या गंगेच्या काठी बिऱ्हाड करते झाले, तेव्हा त्यांच्या घरच्या भाषेत नदीचे नाव बदलावे लागले नसेल, असा एक विचार माझ्या मनात नेहमी येतो.

नांदेडचे वय किती, हे मोजण्याची साखळी माझ्यापाशी नाही. नंदीने येथे तप केले म्हणून नंदीतट, ही कथा प्रत्येक पुजारी सांगतो. मला मात्र आमच्या धंद्याशी सगोत्र असलेला एक पुरावा अधिक जवळचा वाटतो. वाशीम येथे सापडलेल्या, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या चौथ्या शतकातील ताम्रपटात दान दिलेले गाव ‘नांदीकडा’च्या उत्तर मार्गावर आहे, असे त्याचे ठिकाण नोंदलेले आहे, आणि हे नांदीकड म्हणजे नांदेड असे विद्वानांनी ठरविले आहे. जमीन कोणाला दिली, कोठली दिली, कोणत्या दिशेला दिली, हे सांगण्यासाठी सोळाशे वर्षांपूर्वीच्या कोणा लेखनिकाला या गावाचा आधार घ्यावा लागला, याचे मला एक व्यावसायिक स्वरूपाचे समाधान वाटते. पुढे तलम मलमल विणणारे कारागीर येथे नांदले, नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या कोटात किल्लेदार बसले, आणि १७०८ साली बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर गुरू गोविंदसिंह येथे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, येथेच, त्यांनी देह ठेवला आणि ग्रंथालाच यापुढे गुरू मानावे असे सांगितले. ज्या माधोदास बैराग्याचा पुढे बंदासिंह बहादूर झाला, त्याची व गुरूंची भेट ज्या डेऱ्यावर झाली, तो डेरा नदीकाठचाच. त्या स्थानाला आज बंदाघाट म्हणतात. जवळच नगीनाघाट. एका धनिक भक्ताने गुरूंना मौल्यवान नगीना अर्पण केला, गुरूंनी तो पाण्यात टाकला, आणि खिन्न झालेल्या त्या भक्ताला आपला नगीना शोधून काढण्यास सांगितले, तेव्हा त्याला नदीचा सारा तळ नगीन्यांनीच भरलेला दिसला, अशी तेथली आख्यायिका आहे. ही कथा मला प्रथम एका वृद्ध शीख गृहस्थाने सांगितली, आणि तीही अर्धी मराठीत व अर्धी दखनीत. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू उभारली. त्या सुमाराच्या व नंतरच्या पिढ्यांतून येथे स्थायिक झालेली कुटुंबे आता इतकी येथलीच झाली आहेत की, पंजाबातून आलेला यात्रेकरू त्यांचे बोलणे ऐकून गोंधळात पडतो.

वस्ती कशी होती, ते सांगितले पाहिजे. मुख्य रस्त्यावरून दक्षिणेकडे वळले की प्रत्येक गल्ली उतरणीला लागे, आणि उतरणीच्या टोकाशी, दोन भिंतींच्या फटीतून, पाण्याचा एक उभा तुकडा चकाकत असे. घरांची तोंडे रस्त्याकडे असली तरी घरांचे लक्ष नदीकडे असे. न्हाणीघर, तुळस, धुण्याचा दगड, गोठा, बाळंतिणीची खोली, सारे मागच्या अंगाला. कासार, रंगारी, सराफ, परीट, भोई यांच्या आळ्या एकमेकींना खेटून; मशिदीची बांग, मठातली आरती आणि गुरुद्वाऱ्यातले कीर्तन पहाटे एकाच धुक्यातून ऐकू येई. उन्हाळ्यात पात्र आटले की भोई लोक वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या करीत. मृगाच्या पावसाबरोबर त्यांची कुंपणे, मांडव आणि बांध असा सारा पसारा वाहून जाई, आणि पुढच्या माघात पुन्हा कोणाची वाडी कोठे, याबद्दल त्यांच्यात तंटा झाल्याचे मी ऐकले नाही. एकही दगड न रोवता ठरलेल्या त्या हद्दींची मला, खरे सांगायचे तर, असूया वाटे.

परंतु या वस्तीचे वर्णन करताना गहिवर येणाऱ्यांपैकी मी नाही. घाटालाही एक मोजणी होती, ती कोणत्याही नकाशात नव्हती, आणि तिच्यात कोणी चुकत नसे. कोणत्या जातीच्या बाईने कोणत्या पायरीवर घागर बुडवावी, कोणी प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभे राहावे आणि कोणाला खालच्या अंगालाच जावे लागावे, हे लहान मुलालाही ठाऊक असे. ज्यांना सर्वांच्या खाली उतरावे लागे त्यांच्यापैकी एका म्हाताऱ्याने मला सांगितले होते की, नळ आला त्या दिवशी त्याच्या आईने तोटीची पूजा केली. किल्ल्यात उभारलेल्या जलकेंद्रातून गावाला नळाने पाणी मिळू लागले, ही नदीपासून लोक दुरावल्याची सुरुवात होती हे खरे. पण कोणाला किती दुरावा आणि कोणाला किती सुटका, हे एकाच मापाने मोजता येणार नाही.

तर ते घर. मी मे महिन्यात मोजणीस गेलो. वादी आणि प्रतिवादी सख्खे चुलत भाऊ. घराची वाटणी व्हायची होती. पूर्व, पश्चिम, उत्तर या तिन्ही बाजू अर्ध्या दिवसात झाल्या. दक्षिणेला मागचे दार, दारापासून उतरत जाणाऱ्या काळ्या दगडाच्या अकरा पायऱ्या, पुढे कोरडी वाळू, आणि पुष्कळ दूर पाण्याची एक क्षीण धार. दस्तात ‘गंग’ म्हटले आहे, गंगा तर तेथे आहे, मग हद्द तेथवर, असा तर्क मी केला. सबंध वाळू कोणाच्या नावे करण्याइतका मी वेडा नव्हतो. परंतु पायऱ्यांच्या तळाशी, जेथे चिकण माती संपून वाळू सुरू होते तेथे, पंचांसमक्ष मी दगड रोवला, पंचनामा केला, नकाशावर रेघ ओढली, आणि ‘क’ प्रत देऊन मोकळा झालो.

ऑगस्टमध्ये फेरमोजणीचा अर्ज आला. दगड पाण्याखाली गेला होता, इतकेच नव्हे तर पूर ओसरल्यावर तो तेथे नव्हताच. माझ्या वरिष्ठांनी नकाशा समोर धरून विचारले, “आपण घर मोजलेत की उन्हाळा?” चूक सर्वस्वी माझी होती. नदीची हद्द एका महिन्यात पाहून बारा महिन्यांसाठी लिहून टाकण्याचा उतावळेपणा मी केला होता, आणि तो करताना त्या घरात सत्तर वर्षे राहिलेल्या बाईला एक प्रश्न विचारण्याचेही मला सुचले नव्हते.

ती बाई त्या दोन चुलत भावांची आजी. पहिल्या खेपेस ती मागच्या दाराशी बसून माझी साखळी पाहत होती आणि मी तिला बाजूला सरायला सांगितले होते. दुसऱ्या खेपेस मी तिच्याजवळ बसलो. “काय मोजायलास रे लेकरा?” तिने विचारले. गंगेची हद्द, असे मी म्हणालो, तेव्हा ती हसली नाही. तिने बोटाने पायऱ्या दाखविल्या. खालच्या चार गंगेच्या. त्या उन्हाळ्यात उघड्या पडल्या तरी तिच्याच, तेथे घरातले कोणी काही ठेवीत नाही. मधल्या तीन पावसाळ्याच्या; त्यावर आषाढापासून दसऱ्यापर्यंत पोरांनी बसायचे नाही. वरच्या चार घराच्या. “आन् वरच्याबी चढून आली तर?” मीच तिच्या बोलीत विचारले. “तर ती पाहुनी आली,” म्हातारी म्हणाली, “ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ. पाहुनीला काय हद्द विचारायलाव का?” दाराच्या चौकटीवर, उंबऱ्यापासून हातभर उंचीवर, हळदकुंकवाची जुनाट पुटे होती. ज्या ज्या वर्षी पाणी उंबऱ्याला लागले, त्या त्या वर्षी जेथे ते थांबले तेथे तिने, आणि तिच्या आधी तिच्या सासूने, बोट टेकले होते.

मी तिचा जबाब नोंदविला. सातव्या पायरीच्या वर घराची वहिवाट, असे टाचणात लिहिले, आणि दगड न रोवता आठव्या पायरीच्या दर्शनी बाजूस छिन्नीने खूण करवून घेतली. वरिष्ठांनी त्यावर काय शेरा मारला ते आठवत नाही. परंतु नकाशा मंजूर झाला, आणि दोन्ही भावांना तो मान्य झाला, कारण आजीने सांगितलेले नाकबूल करण्याची छाती दोघांपैकी एकाचीही नव्हती.

त्या कामाच्या निमित्ताने मी पहाटेही नदीवर गेलो आहे. अंधारात, वस्ती झोपलेली असताना, गुरुद्वाऱ्याचा गागरिया सिंघ खांद्यावर घागर घेऊन पाण्याशी उतरताना दिसे. तख्ताच्या स्नानासाठी रोज गोदावरीचे पाणी न्यावयाचे, हा तेथला नेम. दिवाळीच्या वेळी तर सारा समुदाय घागरी घेऊन नदीवर लोटतो आणि तख्त व शस्त्रे धुतली जातात. गागरिया सिंघ जात असता वाटेत कोणी आडवे जात नसे. माझ्या मनात येई, घरांनी नदीकडे उतरावे हे ठीकच, पण येथे तर एक अख्खी वास्तू नदीला दररोज घरी बोलावून घेते; या दक्षिण हद्दीचे टाचण कोणी कसे काढावे?

लातूरला माझी बदली झाली ती जिल्हा झाल्यानंतर, म्हणजे १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून तो वेगळा निघाल्यावर थोड्याच काळाने. तेथले काम मला सोपे गेले. १९१७ साली बांधलेली गंजगोलाई मध्यभागी, तीत जगदंबेचे देऊळ, आणि तिच्यातून सोळा रस्ते सोळा दिशांना फुटलेले. कोठेही साखळी टाकली तरी मागे वळून गोलाई पाहिली की आपण कोठे आहोत ते कळे. सोन्याचांदीची, कापडाची, धान्याची, भांड्यांची अशी एकेका व्यापाराची एकेक ओळ. दस्तात दुकान, रस्ता, दुकान, बोळ. मी मोजलेल्या एकाही खरेदीखतात नदी आली नाही. आडतीवरच्या एका वृद्ध व्यापाऱ्याला मी नांदेडची ती गोष्ट सांगितली, तेव्हा तो तराजू पुसत म्हणाला, “तुमच्याकडं हद्द नदी खाते, साहेब. इथं शेजारी खातो. नदी बरी, ती परत तरी देते.”

त्याच लातुरात, निवृत्तीनंतर लेकीकडे गेलो असता, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी आलेली मी पाहिली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर; पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. मांजरा नदीवरचे धनेगावचे धरण आटले होते, आणि टाक्यांभोवती गर्दी होऊन मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून त्याआधीच जमावबंदीचा हुकूम निघाला होता. लेकीच्या दारात घागरी, बादल्या, तेलाचे डबे अशी रांग लावून ठेवली होती, आणि कोणाचा डबा कोठे संपतो व कोणाचा सुरू होतो यावरून दोन बायांचे जे कडाक्याचे भांडण झाले, ते ऐकताना मला भोयांच्या टरबुजाच्या वाड्या आठवल्या.

नांदेडच्या त्या गल्लीत मी पुन्हा गेलो तो २००६ च्या ऑगस्टमध्ये, मोठ्या पुरानंतर. वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा झाल्यापासून नदीचे वागणे बदलले होते. वर शंकरसागर जलाशय भरलेला, खाली गावाच्या नाल्यांचे पाणी साचलेले, जलपर्णी माजलेली, आणि मग एखाद्या पावसाळ्यात पैठणहून विसर्ग सुटला की एका रात्रीत सारे पात्र भरून वर. त्या वर्षी पाणी पायऱ्या, उंबरा, चौकट सारे ओलांडून आत शिरले होते. म्हातारी जाऊन बरीच वर्षे झाली होती. ओटी कोणी भरली नव्हती, आणि भरायला वेळही नव्हता. भिंतीवरची चिखलाची रेघ माझ्या छातीला लागत होती. पाटबंधारे खात्याने नकाशावर आखलेल्या रेषांविषयी तेव्हा गल्लीत पहिल्यांदाच बोलले जात होते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी. निळीच्या आत बांधकाम नको, असे ऐकून एक तरुण चिडून म्हणाला, “घर आधीचं आहे का रेघ आधीची?” माझ्या भाच्याने जर्मनीतल्या कोलोन शहराच्या जुन्या, राईनकाठच्या वस्तीविषयी मला एकदा लिहिले होते. तेथे पुराच्या पातळ्या वर्षांसह भिंतींवर नोंदून ठेवतात. १९२६ आणि १९९५ या दोन्ही पुरांची नदीमापकावरची नोंद अगदी एकच, १०.६९ मीटर. मला त्या मोजणाऱ्यांचे कौतुक वाटले. आमच्या गल्लीतली नोंद हळदकुंकवाची होती, आणि ती या पुराने धुऊन नेली.

त्यानंतर २००८ साली गुरुतागद्दीचा, म्हणजे ग्रंथाला गुरुपद दिल्याचा, त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या निमित्ताने गावाचे रूप पालटले, रस्ते रुंद झाले, घाट नव्याने बांधले गेले, सायंकाळी दिवे लागू लागले, आणि ज्या काठावर पूर्वी नाक धरून जावे लागे तेथे कुटुंबे फिरायला येऊ लागली. हे चांगले झाले. त्या घराचे मात्र मागचे दार बंद झाले होते. त्याला आतून कपाट लावले होते.

अलीकडे त्या दोन चुलत भावांपैकी एकाच्या मुलाने घर विकायला काढले, आणि जुने कागद वाचण्यासाठी मला बोलावले. मुन्शीजींकडून उशिरा का होईना, उर्दू मी शिकलो होतो. दस्तलेखकाच्या संगणकासमोर आम्ही बसलो. मी वाचीत गेलो, तो मुलगा टंकित गेला. पूर्वेस, पश्चिमेस, उत्तरेस. मग मी म्हणालो, “दक्षिणेस गंगा.” मुलाची बोटे थांबली.

“नदी लिहू नका, काका. नोंदणीला अडतं. ‘शासकीय जागा’ लिहितो.”

त्याचे बरोबर होते. कलम २० तेच सांगते. मी मान हलविली. काम संपल्यावर, घर एकदा पाहून येतो असे सांगून मी नव्या घाटाच्या बाजूने मागे गेलो. काळ्या दगडाच्या पायऱ्या अजून होत्या. छिन्नीची खूण बोटाने चाचपली तेव्हा सापडली. तिच्यावर कोणीतरी चुना ओढला होता. सवयीने पायऱ्या मोजल्या. सात भरल्या. खालच्या चार नव्या घाटाच्या काँक्रीटखाली गेल्या होत्या. चुकलो असेन म्हणून, वरून खाली, पुन्हा एकदा मोजल्या.